सोफा का दिवाण? दहा बाय बाराच्या हॉलचा घोळ

भाचा चार दिवस झाले विचारायलाय, मामा नांदेडच्या घरात सोफा घेऊ का दिवाण. हॉल दहा बाय बाराचा, त्यात एक दार बाहेरचं, एक किचनचं, खिडकीत कूलर, म्हणजे खरी मोकळी भिंत एकच.

जागा दोन्ही सारखीच खातात. तीन सीटर सोफा साडेसहा-सात फूट, दिवाण सहा बाय तीन, पण पेटीच्या दिवाणात रजया, जास्तीच्या गाद्या सगळं मावतं अन सोफ्याखाली जातात ते फक्त पोरांचे चेंडू.

टिकायचं म्हणाल तर आमच्या सोफ्याचं रेक्झिन तिसऱ्याच वर्षी हात ठेवायच्या जागी सोलून निघालं, अन मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत ते पाठीला असं चिकटतं की उठताना चर्रकन आवाज येतो. दिवाणाची चादर काढली, धुतली, झालं. फक्त कूलरच्या तोंडाशी ठेवू नका, ओल्या हवेनं प्लाय फुगतं. पाठ टेकायला मात्र सोफाच, दिवाणावर लोड सारखे घसरतात.

घरात म्हातारं माणूस असंल, बैठक जास्त, तर जरा उंच सोफा घ्या, कापडी. लग्नसराईत पाहुणे मुक्कामी येणारं घर असंल तर डोळे झाकून दिवाण. भाच्याकडं तर सासुरवाडी गावातच हाय, कोण राहायलंय मुक्कामी, त्यानं सोफाच घ्यावा.