शाहूपुरीतलं ऑक्सिजन मशीन भाड्यानं देणारं दुकान : 5 पैकी 5

वडलांचा दम परत वाढला म्हणून गेल्या महिन्यात 5 लिटरचं कॉन्सन्ट्रेटर (हवेतनं ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन) भाड्यानं आणलं, 2021 च्या मे मध्ये आणलं होतं त्याच दुकानातनं. दुकानदार काकांनी काउंटरवरच मशीन चालू करून मीटर लावला, 93 टक्के ऑक्सिजन दाखवला आणि मगच पावती फाडली. नळी नवी, सीलबंद.

पण स्टार 2021 च्या कोरोना लाटेसाठी देतोय. तेव्हा दोनच मशीन शिल्लक आणि काउंटरला सहा जण उभे, काकांनी भाडं वाढवलेलं, लोक शिव्या घालत होते, मी पण घातल्या. नंतर कळलं की त्याच वाढीव भाड्याच्या जोरावर त्यांनी बाहेरगावनं अजून चार मशीन उचलून आणली. आणि भाडं जास्त म्हणून ‘असूदे घरात’ म्हणून कोण मशीन अडवून ठेवत नव्हतं, पेशंट सुधारला की लगेच परत, उरलेल्या दिवसांचे पैसे रोख हातात. डॉक्टरची चिठ्ठी लागायचीच. हे सगळे नियम काकांचे स्वतःचे, कुठल्या आदेशाचे नाहीत. उलट 2020 ला सरकारनं 3 प्लाय (तीन पदरी) मास्कला 10 रुपये भाव बांधला तेव्हा आमच्या गल्लीत मास्कच मिळत नव्हता, ते आठवलं.

एका रिक्षावाल्या दादांकडं डिपॉझिट नव्हतं. तालमीच्या पोरांनी अर्ध्या तासात वर्गणी काढून भरलं. लिबर्टेरियन लोक, म्हणजे सरकारची ढवळाढवळ कमीत कमी हवी म्हणणारे, म्हणतात ना, माणसं आपणहून एकमेकांचं बघतात, ते मी त्या पायरीवर बघितलंय.

तरी त्यांच्यातलाच अमेरिकन अर्थतज्ज्ञ मरे रॉथबार्ड म्हणायचा तसं सरकारच नको, पोलीस-कोर्ट पण बाजारातनं घ्या, एवढं मला पटत नाही. एक पॉझिटिव्ह माणूस बिनमास्कचा आत आला, काकांनी त्याला बाहेर उभं करून फोनवर बोलून मशीन दिलं. दुकानात त्यांचा शब्द चालतो, पण तोच माणूस भाजी मंडईत खोकला तर त्याला कोण अडवणार? दुसऱ्याच्या अंगावर हात टाकायचा नाही हा लिबर्टेरियन लोकांचाच नियम, आणि साथीत खोकला म्हणजे हातच की. तिथं सगळ्यांना लागू होणारा नियम लागतोच, फक्त तो 1897 च्या साथरोग कायद्यासारखा वरनं लादलेला नको, 2020 ला तोच बाहेर काढला होता.

जाताना डॉक्टरची चिठ्ठी घेऊन जावा, अजून पण मागतात. मशीन परत केल्यावर डिपॉझिट त्याच दिवशी मिळालं.