पातळी चाचणीत सर्वांना चौतीस गुण

गेल्या आठवड्यात सकाळच्या वर्तमानपत्राच्या घडीतून एक गुलाबी पत्रक खाली पडले. ‘मराठी माध्यमातील विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी वाचन व व्याकरण, प्रवेश परीक्षेत यशाची हमी, पातळी चाचणी मोफत’ असा त्यावरील मजकूर होता. क्लासचे नाव नवे होते, परंतु वाक्ये शब्दशः तीच होती, जी वाचून मी गेल्या वर्षी जूनमध्ये माझ्या मुलीला घेऊन बेळगावात टिळकवाडीतील एका सभागृहात गेलो होतो. या जूनमध्ये आणखी कोणी तेथे जाऊ नये म्हणून घडले ते लिहीत आहे.

मी खानापूर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. आमच्या भागातील मुले एसएसएलसीपर्यंत, म्हणजे कर्नाटकातील दहावीपर्यंत, मराठी माध्यमात शिकतात आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला गेल्यावर सगळी पुस्तके एकाएकी इंग्रजीत येतात. घरात मराठी, कचेरीत कन्नड आणि परीक्षेत इंग्रजी अशा तिहेरी ओढाताणीत वाढलेल्या मुलाला आणि त्याहून अधिक त्याच्या पालकांना इंग्रजीची जी धास्ती असते, ती मी पंचवीस वर्षे वर्गात पाहिलेली आहे. त्या धास्तीवर कोणी दुकान थाटू शकेल, हे मला सुचायला हवे होते. माझ्या मुलीला कायद्याचे शिक्षण घ्यायचे होते आणि त्यासाठी क्लॅट ही प्रवेश परीक्षा द्यायची होती. गावातील एका शेतकऱ्याचा मुलगा एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या प्रवेशाची) तयारी करत होता, तर बेळगावच्या वडगावात यंत्रमागावर काम करणाऱ्या माझ्या एका परिचिताच्या मुलीला सीयूईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा देऊन केंद्रीय विद्यापीठात जायचे होते. या दोघांना मीच सोबत नेले. शेतकरी आधी कांकू करत होते, पण नंतर म्हणाले, “सर, तुम्ही सांगतासा म्हणजे बरोबरच असणार की.” हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवशी अर्ध्या तासाची ‘पातळी चाचणी’ झाली. चाचणीत कोणी कधी वापरत नाही असे शब्द, जुनाट वाक्प्रचार आणि दोन लांबलचक उतारे होते, जे त्या वेळेत वाचूनही होणे शक्य नव्हते. थोड्याच वेळात एकेका पालकाला आत बोलावून गुण सांगण्यात आले. माझ्या मुलीला शंभरपैकी चौतीस गुण होते. “मुलगी हुशार आहे सर, पण पायाच कच्चा आहे,” असे समुपदेशक म्हणवणारा तरुण हळहळत म्हणाला. उत्तरपत्रिका मागितली, तेव्हा ती ‘मूल्यांकनासाठी मुख्यालयात’ पाठवली जाते असे उत्तर मिळाले. मुलगी तोपर्यंत खाली मान घालून बसली होती आणि तिच्यासमोर वाद घालणे मला प्रशस्त वाटले नाही. शेतकऱ्याच्या मुलालाही चौतीस आणि वडगावच्या मुलीलाही चौतीसच गुण मिळाले होते, हे आम्हाला तीन महिन्यांनी, तिघे एकत्र बसलो तेव्हा कळले. निकाल प्रत्येकाला वेगळ्या खोलीत का सांगितला, याचा उलगडा तेव्हा झाला.

शुल्क ६०,००० रुपये होते. ‘शिष्यवृत्ती’ म्हणून ते तिथल्या तिथे ३६,००० करण्यात आले, मात्र ही सवलत त्याच दिवसापुरती होती. पैसे ‘बिनव्याजी हप्त्यांत’, दरमहा ३,००० रुपये भरायचे ठरले. त्यासाठी आधार, पॅन आणि बँक खात्याचा तपशील घेतला गेला, मोबाइलवर एकामागून एक दोन ओटीपी आले आणि ते दोन्ही मी त्या तरुणाला वाचून दाखवले. पहिल्या ओटीपीने माझ्या नावावर एका बिगरबँक वित्त कंपनीचे कर्ज मंजूर झाले आणि दुसऱ्याने माझ्या खात्यातून दरमहा हप्ता आपोआप वळता करून घेण्याची संमती दिली गेली. क्लासला त्याचे सगळे पैसे पहिल्याच आठवड्यात मिळाले होते. त्यानंतर शिकवणी झाली काय आणि न झाली काय, त्याचे काही बिघडणार नव्हते. कर्जाचा करार ईमेलवर आला होता. चौदा पानी आणि इंग्रजीत असलेला तो करार मी उघडलासुद्धा नाही. मुलीला वाचन शिकवण्यासाठी पैसे भरणाऱ्या शिक्षकाने स्वतः काय वाचले नाही, हे येथे नमूद करणे भाग आहे.

पहिले पाच रविवार एक प्राध्यापक आले आणि त्यांनी बरे शिकवले. पुढे त्यांच्या जागी पडद्यावर ध्वनिचित्रफिती दाखवल्या जाऊ लागल्या, गणेशोत्सवात सुट्टी दिली गेली आणि ती सुट्टी संपलीच नाही.

लबाडी मात्र त्याआधीच उघड झाली होती, आणि ती माझ्या मुलीने ओळखली. क्लासने तिला ‘व्याकरणाचे ५०० नियम’ अशी जाड पुस्तिका दिली होती. तीत काळ, प्रयोग, अव्यये, चूक ओळखा, रिकाम्या जागा भरा असे सारे होते आणि सरावासाठी २०० प्रश्नांच्या प्रश्नपत्रिका होत्या. क्लॅटचा अर्ज भरताना तिने राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या संघाच्या संकेतस्थळावरील नमुना प्रश्नपत्रिका उतरवून घेतली आणि मला म्हणाली, “बाबा, यात व्याकरणाचा सुटा प्रश्न एकही नाही.” मी चष्मा लावून पाहिले. क्लॅटचे स्वरूप २०२० पासून बदलले आहे. आता १२० मिनिटांत १२० प्रश्न सोडवायचे असतात, त्यांपैकी इंग्रजीचे २२ ते २६ असतात आणि ते सर्व सुमारे ४५० शब्दांच्या उताऱ्यांवर आधारलेले असतात. लेखकाचा मुख्य मुद्दा कोणता, अमुक विधानावरून काय निष्पन्न होते, या संदर्भात या शब्दाचा अर्थ काय, अशा धर्तीचे ते प्रश्न असतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. २०० प्रश्नांची पत्रिका ही जुन्या क्लॅटची होती. म्हणजे रद्द झालेल्या परीक्षेची तयारी आम्ही हप्त्याने विकत घेतली होती.

मग तिघांच्या पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मुखपृष्ठे तीन वेगळी होती, आतील पाने तीच. शेतकऱ्याच्या मुलाला त्यातले थोडे उपयोगी पडले असते हेही खरे, कारण एनडीएच्या सामान्य क्षमता चाचणीत ६०० पैकी २०० गुण इंग्रजीला असतात आणि तेथे वाक्यातील चूक ओळखण्याचे प्रश्न थेट येतात. पण त्या प्रश्नपत्रिका संघ लोकसेवा आयोगाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट मिळतात. सीयूईटीच्या इंग्रजीत ५० प्रश्नांना एक तास असतो, बरोबर उत्तराला पाच गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला एक कापला जातो. त्यात उतारे, वाक्यांशांचा क्रम लावणे, योग्य शब्द निवडणे, समानार्थी व विरुद्धार्थी शब्द असा अभ्यासक्रम असून तोही जाहीर केलेला असतो. तीन परीक्षांना तीन तऱ्हेचे वाचन लागते, आणि एकच पुस्तिका तिन्हींना चालते असे सांगणारा माणूस त्यांपैकी एकही प्रश्नपत्रिका न वाचता बोलत असतो किंवा वाचूनही खोटे बोलत असतो. पुस्तिकेतील काही उतारे तर अधिकृत नमुना पत्रिकांतूनच उचललेले होते. पानाच्या तळाशी असलेला मूळ मजकूर पांढऱ्या पट्टीने झाकून छायाप्रत काढल्याचे उजेडाकडे धरल्यावर दिसत होते.

शेवटचे दोन महिने मुलीने घरीच तयारी केली. रोज एका इंग्रजी दैनिकाचा अग्रलेख घड्याळ लावून वाचायचा, कागद पालथा घालून त्याचा मुद्दा मराठीत दोन वाक्यांत मला सांगायचा आणि मग त्या मुद्द्याला आधार देणारी ओळ मूळ लेखात दाखवायची, असा नेम ठेवला. पहिल्या पंधरवड्यात तिला मुद्दा सापडे, पण ओळ सापडत नसे. म्हणजे ती अंदाजाने वाचत होती. ही तिची खरी उणीव, आणि ती त्या ‘पातळी चाचणी’ने दाखवलेली नव्हती. बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाण्याइतके गुण तिला पडले नाहीत. आता ती बेळगावातच कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहे.

पैशांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार क्लासने यशाची हमी देऊ नये आणि विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाचे शुल्क दहा दिवसांत परत करावे, असे आहे. हा आधार देऊन वित्त कंपनीला लेखी कळवले, आणि तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार असल्याचेही त्यात लिहिले. माझ्याकडे पत्रक होते, पावती होती आणि कुलूप लावलेल्या दाराची तारखेसह छायाचित्रे होती. पाच हप्ते गेल्यावर कंपनीने माझे कर्ज बंद केले. वडगावच्या परिचितांचेही त्याच कागदांच्या बळावर सुटले.

शेतकऱ्यांनी मात्र कर्ज नको म्हणून ऊस बिलाचे ३२,००० रुपये रोख भरले होते. रोखीला चार हजारांची सूट होती. त्यांच्या पावतीवर शिक्का नाही, जीएसटी क्रमांक नाही, फक्त ‘रोख मिळाले’ असे लिहून एक न वाचता येणारी सही आणि मोबाइल क्रमांक आहे. बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात त्यांची तक्रार मीच लिहून दिली. क्लासच्या जुन्या पत्त्यावर गेलेली नोटीस दोनदा परत आली. गुलाबी पत्रक हाती आले त्या दिवशी मी त्यांच्याकडे जाऊन ती पावती पुन्हा पाहिली. पावतीवरचा मोबाइल क्रमांक आणि पत्रकावरचा क्रमांक एकच आहे. पुढच्या तारखेला हे दोन्ही कागद घेऊन आम्ही तिघेही पालक जाणार आहोत.