अंश मिळतो, छेद मिळत नाही: व्हिजीॲक्सेस वापरून पाहिल्यावर

आईला रक्तदाबासाठी रामिप्रिल सुरू झालं आणि तिसऱ्या आठवड्यात तिला खोकला लागला. कोरडा. कफ नाही, ताप नाही, घशात सतत काहीतरी खवखवतंय एवढंच. दिवसा ती तो दाबून धरायची, रात्री मात्र उशीला टेकून बसून राहायची. दोन महिन्यांत खोकल्याची तीन औषधं झाली, अँटिबायोटिकचा एक कोर्स झाला, छातीचा एक्स-रे स्वच्छ आला. रक्तदाबाच्या गोळीवर कुणालाच संशय आला नाही, मलाही नाही. ती गोळी तर आपलं काम चोख करत होती, रक्तदाब ताब्यात होता.

मी शाळेत गणित शिकवते. औषधांतलं मला फारसं कळत नाही, पण आकडे समोर आले की ते वाचल्याशिवाय राहवत नाही. एका रात्री आईचा खोकला ऐकत बसले होते, तेव्हा गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव व्हिजीॲक्सेस या दुष्परिणामांच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर टाकून पाहिलं. त्यानंतर वर्षभर ही साइट मी या ना त्या औषधासाठी वापरते आहे, म्हणून हे लिहिते.

आधी ती आहे काय ते सांगते. गरोदर बायकांनी घेतलेल्या थॅलिडोमाइड या औषधाच्या भयंकर प्रकरणात जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातापायांतल्या व्यंगांसह जन्मली. बाजारात आलेल्या औषधाचे दुष्परिणाम एका ठिकाणी गोळा व्हायला हवेत, हे जगाला तेव्हा पटलं. १९६८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी कार्यक्रम सुरू केला. सुरुवातीला त्यात दहा देश होते. देशोदेशींच्या नोंदी जिथे जमा होतात त्या साठ्याचं नाव व्हिजीबेस. तो १९७८पासून स्वीडनमधलं उप्साला मॉनिटरिंग सेंटर सांभाळतं, आणि त्यात आता तीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. अनेक वर्षं हा साठा तज्ज्ञांपुरताच होता. २०१५मध्ये त्याची एक खिडकी सर्वांसाठी उघडली, ती व्हिजीॲक्सेस. खातं लागत नाही, पैसे लागत नाहीत.

साइट उघडल्यावर आधी एक निवेदन येतं. ते वाचल्याची खूण केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बहुतेक जण ते न वाचताच पुढे जात असतील. मीही पहिल्यांदा तेच केलं, आणि त्याचं काय झालं ते पुढे सांगतेच. औषधाचं नाव टाकलं की एकूण किती नोंदी आल्या आहेत तो आकडा येतो. त्याखाली कुठल्या खंडातून किती, कुठल्या वयोगटात किती, स्त्रिया किती, पुरुष किती, कुठल्या वर्षी किती. आणि मुख्य भाग, तक्रारींची यादी. ती शरीरातल्या संस्थांप्रमाणे सत्तावीस गटांत मांडलेली असते: हृदय, त्वचा, मज्जासंस्था, श्वसन असे. गट उघडला की आत एकेक तक्रार आणि तिच्यापुढे नोंदींची संख्या.

रामिप्रिलसाठी मी श्वसनाचा गट उघडला. खोकला तिथेच होता, भल्यामोठ्या आकड्यासह. मी आईकडे पाहिलं आणि मला एकदम रडू आलं. एवढ्या माणसांनी हेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाकिटातला पातळ कागद उलगडला. तिथेही कोरडा, खवखवणारा खोकला लिहिलेला होता, 'सामान्य' या सदरात. या कागदांवरचे शब्द सहज वापरलेले नसतात, त्यांना ठरलेली मापं असतात. 'अतिशय सामान्य' म्हणजे दहातल्या एकाला किंवा त्याहून जास्त जणांना. 'सामान्य' म्हणजे शंभरातल्या एकापासून दहांपर्यंत. 'असामान्य' म्हणजे हजारातल्या एकापासून दहांपर्यंत. 'दुर्मीळ' त्याच्याही खाली, दहा हजारांतल्या एकापासून दहांपर्यंत. हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. दहावीच्या गणितात हे शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

कागद आणि साइटची छापील पानं घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कारण समजावून सांगितलं. रामिप्रिल शरीरातलं एक एन्झाइम अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आवळणारा पदार्थ कमी तयार होतो. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाच्या पदार्थाचा निचराही करत असतं. निचरा थांबला की ते साठतं आणि घशाला खाज सुटल्यासारखा खोकला येतो. त्यांनी गोळी बदलून लोसार्टन दिली. ती वेगळ्या ठिकाणी काम करते, त्या एन्झाइमला हात लावत नाही. अठराव्या दिवशी आई रात्रभर आडवी झोपली.

एवढ्यावर थांबले असते तर मी डोळे झाकून पाचपैकी पाच दिले असते. पण त्यानंतर मावशीचं झालं.

मावशीला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि ती ॲटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेत होती. आईचा किस्सा मी कौतुकाने तिला सांगितला, साइट उघडून कशी पाहायची तेही दाखवलं. तिने घरी जाऊन आपल्या गोळीचं नाव टाकलं. स्नायूदुखी, हजारांच्या घरात. तिचे पाय दुखत होतेच. तिने गोळी बंद केली आणि पाच आठवडे कुणाला सांगितलं नाही. झटका येऊन गेलेल्या माणसाने ही गोळी सोडणं किती धोक्याचं, हे मला नंतर कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. साइट दाखवली मी, आणि ते निवेदन वाचायला सांगितलं नाही.

त्या निवेदनाचा अर्थ माझ्या भाषेत असा: इथे फक्त अंश आहे, छेद नाही. किती जणांनी तक्रार नोंदवली ते कळतं, किती जणांनी ते औषध घेतलं ते कळत नाही. छेद नसेल तर अपूर्णांक होत नाही, म्हणजे शक्यता काढता येत नाही. जगात कोट्यवधी लोक घेतात त्या गोळीच्या नोंदी भरमसाट असणारच, आणि फार थोडे घेतात त्या जहाल औषधाच्या कमी. म्हणून दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून 'हे बरं, ते वाईट' म्हणणं चूक. शिवाय एका नोंदीत तीन-चार तक्रारी असू शकतात, त्यामुळे बेरीज नोंदींपेक्षा जास्त येते. आणि नोंद म्हणजे संशय. तक्रार औषधामुळेच झाली हे तिथे कुणी सिद्ध केलेलं नसतं. दुसऱ्या बाजूने, झालेल्या त्रासांपैकी बहुतेक कधी नोंदवलेच जात नाहीत. म्हणजे अंशसुद्धा पुरा नाही.

मावशीला मी जे वाचून दाखवलं ते या साइटवर मिळणार नाही. २०२०मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी सॅमसन नावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुष्परिणामांमुळे स्टॅटिन, म्हणजे मावशीच्या गोळीच्या गटातलं औषध, सोडलेली साठ माणसं. प्रत्येकाला वर्षभराच्या बारा बाटल्या: चारांत स्टॅटिन, चारांत दिसायला तशाच पण औषध नसलेल्या गोळ्या, चार रिकाम्या. कुठल्या महिन्यात काय यायचं ते आधी ठाऊक नाही. रोज मोबाइलवर त्रासाला शून्य ते शंभरमध्ये गुण द्यायचे. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत सरासरी ८, स्टॅटिनच्या महिन्यांत १६.३, आणि खोट्या गोळीच्या महिन्यांत १५.४. म्हणजे गोळी घेतल्यावर त्रास खराच वाढत होता, पण त्यातला नव्वद टक्के वाटा गोळी घेण्याचा होता, औषधाचा नव्हे. हे कळल्यावर निम्म्या लोकांनी स्टॅटिन पुन्हा सुरू केलं. मावशीनेही केलं, डॉक्टरांशी बोलून. पाय अजून दुखतात. "तू म्हणतेस म्हणून," असं ती म्हणते, आणि मला ते ऐकून बरंही वाटत नाही. तिचं दुखणं काल्पनिक आहे असं त्या अभ्यासाने म्हटलेलं नाही, हे मी तिला दर वेळी सांगते.

साइटवर आणखी काय खटकतं? गट एकमेकांत मिसळून पाहता येत नाहीत. साठीच्या पुढच्या बायकांत खोकला किती, हा माझा साधा प्रश्न होता. वय वेगळं दिसतं, स्त्री-पुरुष वेगळं दिसतं, तक्रार वेगळी दिसते. युरोपीय औषध संस्थेची २०१२पासून खुली असलेली साइट यापेक्षा खोलात जाऊ देते, पण तिथे नवखा माणूस हरवतो. शब्दही वैद्यकीय कोशातले आहेत. 'पायात गोळे येतात' असं कुणी सांगितलं तरी ते ठरलेल्या शब्दाच्या कप्प्यात जातं, नाहीतर मोजणीच होणार नाही. मोजायचं तर तसं करावं लागतं, हे मला पटतं.

पण आईच्या बाबतीत खरं बिघडलं होतं ते तिचं राहणं. झोप, शेजारणींबरोबरचं बसणं, सकाळचं फिरणं, सगळं गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेचीच एक पाच प्रश्नांची प्रश्नावली आहे, डब्ल्यूएचओ-५. गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होतं का, उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, रोजच्या आयुष्यात रस वाटेल असं काही होतं का, असे प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, बेरजेला चारने गुणायचं. पन्नासच्या खाली आलं तर लक्ष द्यायला हवं. गोळी बदलायच्या आधी आईचे बत्तीस आले होते, दोन महिन्यांनी बहात्तर. असा आकडा औषधाच्या नावापुढे कुठे दिसला असता तर मी त्या खोकल्याचं वजन पहिल्याच आठवड्यात ओळखलं असतं.

म्हणून माझे साडेतीन गुण. डॉक्टरांपुढे कुठला प्रश्न मांडायचा हे ठरवायला ही साइट फार मोलाची आहे. गोळी घ्यायची की सोडायची हे ठरवायला तिचा उपयोग करू नका. आकडा पाहिलात की पाकिटातला कागद उघडा, छेद तिथे आहे.

नोंद मात्र इथे करता येत नाही, ती आपापल्या देशाच्या केंद्रातून पुढे जाते. आईची मी केली. किमान चार गोष्टी लागतात: रुग्ण, नोंद करणारा, संशयित औषध आणि झालेला त्रास. फॉर्म भरताना आई शेजारी बसली होती.

"माझं नाव येईल का त्यात?"

"नाही. वय, स्त्री आणि खोकला, एवढंच दिसेल."

"रात्री बसून काढल्या, ते लिहिलंस ना पण?"

लिहिलं होतं, वर्णनाच्या रकान्यात. तिला वाचून दाखवलं.