पाळीचं दुखणं घेऊन आधी कुणाकडे जायचं?

भाची एकोणीस वर्षांची, साताऱ्याहून पुण्यात शिकायला आलेली. गेल्या महिन्यात पाळीच्या दुसऱ्या दिवशी पेपर अर्धवट टाकून वर्गाबाहेर आली आणि जिन्यातच बसली. ताईचं म्हणणं, "आमच्या वेळी काय दुखत नव्हतं?" आईचं औषध तर ठरलेलंच, "लग्न झालं, एक मूल झालं की थांबतं." रात्री भाचीचा मला फोन आला. "मावशी, डॉक्टरकडे जायचंय. पण कुणाकडे?"

या प्रश्नाचं उत्तर चुकवून मी स्वतः दहा वर्षं घालवली आहेत. कॉलेजपासून गोळ्यांवर दिवस काढले आणि एकतिसाव्या वर्षी डाव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, निघाली, तेव्हा 'एंडोमेट्रिओसिस' हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर, अंडाशयावर नाहीतर आतड्याला चिकटून वाढतो, तो हा आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पाळीच्या वयातल्या दर दहा जणींपैकी साधारण एकीला तो असतो. त्यामुळे भाचीला नुसतं "जा कुठेतरी" म्हणणं मला जमेना. तिला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहिते.

फॅमिली डॉक्टर की थेट स्त्रीरोगतज्ज्ञ?

हे दुखणं कसं वागतं, त्यावर ठरवावं. पाळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच कळा यायला लागल्या, दर महिन्याला पहिले दोन-तीन दिवस येतात, मग थांबतात आणि गोळीने उतरतात, अशी गोष्ट असेल तर फॅमिली डॉक्टर पुरतो. गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात, त्यांनी पिशवी आवळते आणि कळा येतात. वेदनाशामक गोळी ही द्रव्यं तयार होणंच रोखते. म्हणूनच तोंड पांढरं पडेपर्यंत थांबून घेतलेली गोळी फारशी चालत नाही. दुखायला लागताच, भरल्या पोटी, आणि पुढचे एक-दोन दिवस घड्याळ लावून घ्यायची असते. मला हे इतक्या वर्षांत एकाही मेडिकलवाल्याने सांगितलं नाही. काउंटरवरून 'मेफ्टाल स्पास'ची पट्टी मात्र न मागता मिळायची. तिच्यातलं मेफेनॅमिक ॲसिड सगळ्यांना चालत नाही. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर आधी विचारायचंच. नोव्हेंबर 2023 मध्ये औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या इंडियन फार्माकोपिया कमिशननं या औषधाच्या एका गंभीर ॲलर्जीबद्दल इशारा दिला होता. गोळी सुरू असताना ताप येऊन अंगावर पुरळ उठलं, तर ती बंद करून डॉक्टर गाठायचा.

फॅमिली डॉक्टर जवळ असतो, दोनशे-तीनशेत काम होतं, घरातल्या सगळ्यांची दुखणी त्याला पाठ असतात. पण हीच त्याची अडचणही आहे. ज्यांना आपण लहानपणापासून 'काका' म्हणतो, त्यांच्यासमोर, शेजारी आई, अर्ध्या दरवाजापलीकडे बाकावर तीन पेशंट, अशा जागी मुलगी "पोट दुखतं" यापुढे जात नाही. आणि निदान बहुतेकदा त्यापुढेच असतं. पाळीत शौचाला जाताना कळ येते का? लघवीला? संबंधांच्या वेळी आत खोल दुखतं का? पाळी नसतानाही ओटीपोटात किंवा कमरेत ठणकतं का? यातल्या एकाचंही उत्तर 'हो' असेल, किंवा दुखणं वर्षागणिक वाढत असेल, किंवा दोन-तीन महिने गोळी नीट घेऊनही कॉलेज, कामावर जाणं सुटत असेल, तर मधला थांबा नको, सरळ स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. तिशी-चाळिशीत पहिल्यांदाच दुखायला लागलं, अंगावरून जास्त जायला लागलं, तरी तेच. तिथे फायब्रॉइडच्या गाठी किंवा ॲडिनोमायोसिस, म्हणजे पिशवीचं अस्तर तिच्याच भिंतीत शिरून वाढणं, असू शकतो. वास येणारा पांढरा स्राव आणि ताप असेल तर जंतुसंसर्ग असू शकतो, त्याला महिनाभर थांबून चालत नाही.

आणि काही वेळा ही निवडच नसते. अचानक एका बाजूला जीवघेणी कळ, चक्कर, पाळी चुकलेली असताना पोटात दुखणं आणि रक्त जाणं: रात्रीचे दोन वाजले असले तरी कॅज्युअल्टी.

सरकारी की खासगी?

दोन्हीकडे जाऊन आले आहे, त्यामुळे कुणाची भलामण करायची नाही. महाराष्ट्रात 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं त्यात येत नाहीत. खासगीत आमच्याकडे तपासणीचे पाचशे ते हजार, सोनोग्राफीचे वेगळे.

सरकारी ओपीडीत सकाळी नऊला नंबर लावला तर बाराला आत जायला मिळतं. पडदा असतो, पडद्याच्या आत शिकणारे डॉक्टरही असतात. पुढच्या वेळी नवाच डॉक्टर. पण मला "शौचाला जाताना दुखतं का?" हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं ते तिथल्याच एका रेसिडेंट मुलीने, उभ्या उभ्या, हातात तिसरा केसपेपर धरून. त्याआधी एका चकचकीत क्लिनिकमध्ये मला "सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका" सांगून पाठवलं होतं. खासगीत मोठा फायदा एकच, दर वेळी तोच डॉक्टर भेटतो. हा आजार वर्षानुवर्षं चालतो, त्यामुळे तो फायदा किरकोळ नाही. सरकारीत ती उणीव स्वतःच भरून काढायची: प्रत्येक कागद एका फाइलमध्ये, तारखेने लावून.

दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत 'मैत्री' क्लिनिक असतं, तिथे समुपदेशकही असतात. आई-बाबांना न घाबरता बोलायची सोय म्हणून बरी जागा.

घरबसल्या विचारायचं तर सरकारची 'ई-संजीवनी' ही फोनवरून डॉक्टरांशी बोलायची सेवा मोफत आहे. रिपोर्ट दाखवायला, गोळी बदलू का विचारायला ठीक. पोट दाबून बघणं फोनवर होत नाही, एवढंच.

सोनोग्राफी नॉर्मल आली, मग?

इथे बहुतेक जणी परत फिरतात. मीही फिरले. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत गाठी, सिस्ट दिसतात. आतड्याला किंवा पिशवीमागे चिकटलेला एंडोमेट्रिओसिस बऱ्याचदा दिसत नाही. योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी आणि ती करणारा जाणकार हात असेल तर जास्त कळतं, काहींना एमआरआय लागतो. 'सीए-125' ही रक्ततपासणी निदानासाठी भरवशाची नाही, एंडोमेट्रिओसिस नसतानाही तिचा आकडा वाढू शकतो.

मुलींना इथे एक प्रश्न हमखास येतो: "लग्न झालंय का?" डॉक्टरला जाणून घ्यायचं असतं ते संबंध आलेत का, कारण आतून तपासणी करायची की नाही, ते त्यावर ठरतं. गर्भधारणेची शंकाही असते. म्हणून "नाही" एवढंच म्हणून गप्प बसण्यापेक्षा, आई बाहेर असताना खरं सांगावं. "मला डॉक्टरांशी एकटीनं बोलायचंय" असं आईला तोंडावर सांगता येतं. जड जातं, पण सांगता येतं.

मोठं हॉस्पिटल, दुर्बीण, आणि पिशवी

दुर्बिणीची शस्त्रक्रिया केल्याशिवाय निदान पक्कं नाही, असं पूर्वी म्हणत. मानवी प्रजनन आणि भ्रूणशास्त्राच्या युरोपीय संस्थेनं 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत ते बदललं: लक्षणं जुळत असतील तर आधी औषध देऊन बघता येतं. डायनोजेस्टसारखी हॉर्मोनची गोळी, गर्भनिरोधक गोळ्या, किंवा हॉर्मोनची तांबी. वजन वाढेल, मूल होणार नाही, या भीतीने खूप मुली नकार देतात. गोळी बंद केली की बहुतेकींची पाळी पुन्हा सुरू होते. चालू असताना मूल राहण्याची शक्यता कमी असते, एवढंच; पण डायनोजेस्टला गर्भनिरोधक समजायचं नाही. तरी वजन असो की इतर त्रास, काय होऊ शकतं हे डॉक्टरांना विचारून घ्यावं. लॅप्रोस्कोपी, म्हणजे हीच दुर्बिणीची शस्त्रक्रिया, मोठ्या सिस्टला, औषधाने न हटणाऱ्या दुखण्याला, मूल हवं असूनही राहत नसेल तेव्हा. ती करणारा सर्जन महिन्याला किती एंडोमेट्रिओसिसच्या केसेस करतो, हे विचारायला लाजायचं नाही.

"पिशवीच काढून टाका" हा सल्ला मिळाला, तर तिथल्या तिथे हो म्हणायचं नाही. दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचंच. बीडमध्ये 2019 साली ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या शस्त्रक्रियांची चौकशी झाली. 82,309 जणींच्या सर्वेक्षणात 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अनेकींची तक्रार पोटदुखी आणि अंगावरून पांढरं जाणं, एवढीच होती. पाळी आली की एका दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादम दंड लावतो, हा हिशोब त्या शस्त्रक्रियेमागे होता. शिवाय एंडोमेट्रिओसिस पिशवीबाहेरही असतो, त्यामुळे पिशवी गेली तरी दुखणं राहू शकतं.

भाचीनं शेवटी होस्टेलजवळची एक खासगी स्त्रीरोगतज्ज्ञ निवडली. फी सहाशे, शनिवारची वेळ. अकाउंट्सच्या वहीच्या मागच्या पानावर तिनं दोन महिन्यांची नोंद केली आहे. "14 तारीख, पहाटे 5, उलटी. गोळ्या 2. शौचाला जाताना सुरी फिरल्यासारखं. लेक्चर नाही. 15, गोळ्या 3, तरी आडवीच." मी म्हटलं, खुर्चीत बसल्या बसल्या हे पान पुढे कर, बाकीचं ती विचारेल. शनिवारी मीही जाणार आहे. तिनं बजावलंय, "मावशी, तू बाहेर बस. आत मी एकटी जाईन."