नायकाच्या सोबत्यांवरचा ऑडिओ कोर्स: परीकथेत अव्वल, महाकाव्यात काठावर पास

मुलांसाठी नाटुकली लिहिते, त्यामुळे नायकापेक्षा त्याच्या आजूबाजूच्या मंडळींशीच माझा संबंध जास्त येतो. नायकाचं काय करायचं ते बहुधा ठरलेलं असतं, डोकं खातात ते बाकीचे. म्हणून महाकाव्यं आणि परीकथांतल्या मदतनीसांवर ऑडिओ कोर्स आहे असं दिसताच नाव नोंदवून टाकलं. दहा भाग, प्रत्येक साधारण अर्ध्या तासाचा. सोबत पीडीएफ टिपणं, आणि भागाच्या शेवटी प्रश्नमंजूषा. पहिले पाच भाग परीकथांचे, उरलेले महाकाव्यांचे.

परीकथांचे भाग झकास. सुरुवात अर्थातच रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमिर प्रॉपपासून. 1928 साली त्याने रशियन अद्भुतकथा उकलून 31 घटना आणि सात भूमिका मांडल्या, एवढं कुठेही वाचायला मिळतं. निवेदकाने मात्र त्यातल्या एकाच बारकाव्यावर अख्खा भाग घालवलाय, आणि तो सार्थकी लागलाय: देणारा वेगळा, मदत करणारा वेगळा. देणारा आधी नायकाला जोखतो, मग वस्तू किंवा सोबती त्याच्या हवाली करून बाजूला होतो. पुढची धावपळ मदतनीसाची. एकाच म्हातारीकडून दोन्ही कामं करून घेतली की गोष्ट का फसते, हे मला इथे कळलं.

सगळ्यात रंगलाय तो ग्रिम बंधूंच्या राणीमाशीच्या गोष्टीचा भाग. थोरल्या भावांना वारूळ उकरून मुंग्यांची तारांबळ बघायची असते, बदकं भाजून खायची असतात, मधासाठी झाडाखाली जाळ करून माश्या गुदमरवायच्या असतात. धाकटा, ज्याला सगळे खुळा समजतात, तो तिन्ही वेळा म्हणतो, राहू द्या त्यांना. पुढे जंगलातल्या शेवाळाखालचे हजार मोती मुंग्या गोळा करतात, तळ्यातली किल्ली बदकं काढून देतात, आणि एकसारख्या दिसणाऱ्या तीन झोपलेल्या राजकन्यांपैकी मध खाल्लेली कोणती हे राणीमाशी ओठांवर बसून दाखवते. यावर निवेदक म्हणतो, मुंग्या लग्नाला येत नाहीत. क्या बात है! उपकार फिटला, काम झालं, गोष्टीतून बाहेर. बालनाटकाच्या शेवटच्या प्रवेशात झाडून सगळे प्राणी रांगेत उभे करणाऱ्यांनी एवढा भाग तरी ऐकावाच.

सहाव्या भागापासून गाडी घसरते. परीकथांसाठी केलेला तक्ता (प्राणी, वडीलधारा, मित्र, जादूची वस्तू) तसाच उचलून महाकाव्यांवर बसवलाय. त्यामुळे सुग्रीव 'प्राणी' या रकान्यात! अहो, सुग्रीव काय मुंगी आहे? त्याचं राज्य गेलंय, बायको हिरावलीय, भाऊ जिवावर उठलाय. तो रामाला भेटतो तो स्वतःचा हिशेब घेऊन, आणि अग्नीच्या साक्षीने करार करतो. वाली मारला जातो, राज्य मिळतं, पावसाळा सरतो, आणि सुग्रीव अंतःपुरात रमलेला. तेव्हा लक्ष्मणाबरोबर रामाचा निरोप जातो: वाली ज्या वाटेने गेला ती वाट अजून बंद झालेली नाही. संतापलेल्या लक्ष्मणासमोर सुग्रीव स्वतः आधी येतही नाही, ताराला पुढे पाठवतो. मित्राने मित्राला दिलेली एवढी थंड धमकी, आणि कोर्समध्ये तिला मिळालेली जागा दोन वाक्यांची.

मेसोपोटेमियाच्या महाकाव्यातला राजा गिल्गामेश, त्याचा मित्र एन्किडू. त्याचंही तेच. मित्र म्हणून त्याचं कौतुक आहे, त्याच्या मृत्यूचा भाग तर सुरेख सांगितलाय. प्रेताच्या नाकातून अळी पडेपर्यंत गिल्गामेश त्याला पुरू देत नाही, तिथे पार्श्वसंगीत बंद ठेवण्याची अक्कल कुणाला तरी सुचली. पण लोक गिल्गामेशला कंटाळले होते आणि देवांनी एन्किडूला घडवलं ते त्याला तोडीस तोड म्हणून, हे गाळलंय. पहिल्याच भेटीत दोघे कुस्ती खेळतात, ते का, हे मग ऐकणाऱ्याला कळणार कसं?

शल्य तर कोर्समध्ये नाहीच. माझ्या मते या विषयातला सगळ्यात खमंग माणूस. नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. दुर्योधनाच्या पाहुणचाराला भुलून कौरवांकडे अडकतो, आणि युधिष्ठिराला शब्द देतो की कर्णाचा सारथी झालो तर त्याचं तेज मारीन. पुढे खरोखरच ऐन रणात रथ हाकता हाकता कर्णाला कावळ्याची गोष्ट ऐकवतो. उष्ट्यावर माजलेला कावळा, एकशे एक प्रकारची उड्डाणं येतात म्हणून हंसाशी पैज लावणारा आणि समुद्रावर दमून पाण्यात बुडायला लागणारा. सारथी कर्णाचा, काम पांडवांचं. त्याला कोणत्या रकान्यात टाकणार? म्हणूनच वगळला असावा, अशी मला शंका आहे.

जुन्या इंग्रजी महाकाव्यातला राजा बेओवुल्फ, त्याचा साथीदार विग्लाफ. त्याच्यावरचा नववा भाग मात्र चुकवू नका. बेओवुल्फचे दहा साथीदार ड्रॅगनला बघून रानात पळतात, हा एकटा परत फिरतो. त्याची लाकडी ढाल जळते तेव्हा राजाच्या लोखंडी ढालीआड शिरून लढतो. नंतर पळपुट्यांना सुनावतो तो उतारा निवेदकाने मस्त वाचलाय.

बाकी किरकोळ. आवाज स्वच्छ, टिपणं नेटकी. अ‍ॅप मात्र भाग मध्येच सोडला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. प्रश्नमंजूषा पोरकट: 'पॅट्रोक्लस हा कोणत्या प्रकारचा सहायक?' असा प्रश्न आणि चार पर्याय. 'इलियड' या ग्रीक महाकाव्यात मित्राचं, म्हणजे अकिलीसचं, चिलखत चढवून जो मरतो आणि मरूनच त्याला रणात परत आणतो, त्याला कोणता पर्याय लावायचा ते ठरवता न आल्याने मी पुढच्या प्रश्नावर गेले.

पाचपैकी साडेतीन तारे. लहान मुलांसाठी लिहीत असाल तर डोळे झाकून घ्या. महाकाव्यांसाठी घेणार असाल तर भाग सुटे विकत मिळतात, नववा तेवढा घ्या.