चांदण्यांचा तक्ता, शांत कोपरा की पुसायचं फडकं?

मुलाला मारायचं नाही आणि त्याच्या अंगावर ओरडायचं नाही, हे नवरा-बायकोत एकदा ठरलं की खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी उभा राहतो. वरणाची वाटी मुद्दाम उपडी झालेली असते, ऑफिसची वेळ झालेली असते, आता करायचं काय? सध्या तीन उपाय जास्त सुचवले जातात: चांगल्या वागण्यासाठी चांदण्या चिकटवायचा तक्ता, थोडा वेळ बाजूला बसवणं म्हणजे टाइम-आउट, आणि केलेलं स्वतः निस्तरायला लावणं. मुलगी तीन ते पाच वर्षांची असताना आम्ही हे तिन्ही वापरले. घरात आम्ही दोघं, माझे आईबाबा आणि मुलगी. दोन खोल्यांत चार मोठी माणसं आहेत, हे आधीच सांगून ठेवतो, कारण निवड बरीचशी त्यावरच ठरते.

मारण्याचा पर्याय या तुलनेत घेतलेला नाही. शाळांमध्ये तो २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंद केलेला आहे. जे शाळेत बाईंना करायला मनाई आहे, ते घरात आपण करावं, असं आम्हाला वाटलं नाही.

तक्त्याबद्दल थोडक्यात सांगतो. सुरुवात करायला हा सर्वांत सोपा आहे. मुलांना चिकटवायला आवडतं, आणि मोठ्यांना आपण काहीतरी करतोय याचं समाधान मिळतं. दात घासणं, रात्री चड्डी ओली न करता बाथरूमला जाणं, अशा ठरावीक आणि लवकर संपणाऱ्या गोष्टींसाठी आम्हाला त्याचा उपयोग झाला. पण वागणुकीसाठी वापरायला लागलो तेव्हा मुलगी प्रत्येक गोष्टीचा भाव विचारू लागली. आजीचा चष्मा आणून देणं हे ती आधी आपणहून करायची, आता त्याची चांदणी किती, हे आधी ठरायला हवं होतं. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना चित्रासाठी बक्षीस मिळेल असं आधी सांगितलं. पुढं मोकळ्या वेळेत हीच मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढू लागली. एका घराच्या अनुभवावरून मी मोठा निष्कर्ष काढणार नाही, पण चष्म्याच्या बाबतीत आमच्याकडे हेच दिसलं. तक्ता महिन्याभराच्या एखाद्या सवयीपुरता ठेवावा आणि मग काढून टाकावा, इतपतच माझं मत आहे.

खरी तुलना उरते ती बाकीच्या दोघांत.

टाइम-आउटचं नाव आपल्याकडे थोडं बदनाम झालं आहे, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. आर्थर स्टाट्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या आसपास स्वतःच्या लेकीला वाढवताना ही पद्धत वापरली. त्यामागचा विचार साधा होता: मुलाभोवती खेळाचा, बोलण्याचा आणि लक्ष देण्याचा जो ओघ चाललेला असतो, तो थोडा वेळ थांबवायचा. यात अंधाऱ्या खोलीत कोंडणं नाही, अपमान नाही. वयाच्या वर्षाला एक मिनिट हा प्रचलित आडाखा आहे, म्हणजे चार वर्षांच्या मुलाला चार मिनिटं. लहान भावंडाला चावणं, मारणं, दुखापत होईल असं काही फेकणं अशा वेळी मुलांना लगेच वेगळं करावंच लागतं आणि तिथे हा उपाय चांगला चालतो. आणखी एक फायदा मला फार मोलाचा वाटतो: त्या चार मिनिटांत मोठ्या माणसाचाही राग उतरतो.

मग अडलं कुठे? बसवण्यात.

आमच्या मुलीनं रागानं मेणाचे खडू भिंतीकडे भिरकावले, तिला खिडकीजवळच्या पाटावर बसायला सांगितलं, की ती उठायची. परत बसवलं की परत उठायची. मग पाट सरकवायची, पाटावर आडवी व्हायची, एक पाय जमिनीवर टेकवून आमच्याकडे बघायची. खडू कुठल्या कुठे राहायचे आणि घरातली सगळी शक्ती एका पाटावरून चाललेल्या झटापटीत खर्च व्हायची. शेवटी ती बसली तरी कशासाठी बसली आहे, हे तिच्या लक्षात राहिलेलं नसायचं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही फारसं नसायचं. भिंतीवर रेघा तशाच, खडू सोफ्याखाली, ते मीच नंतर वेचायचो. एका गैरवर्तनासाठी सुरू केलेल्या उपायातून दुसरं गैरवर्तन तयार होतं आणि त्याला पुन्हा शिस्त लावावी लागते, ही एकच गोष्ट मला इतकी खुपली की माझं पारडं तिथेच झुकलं. ज्यांची मुलं सांगितल्याबरोबर बसतात, त्यांना हा मुद्दा कदाचित पटणार नाही. अशी शांत मुलं असतात, आमच्या शेजारीच एक आहे.

त्यात आजीची भर. “अरे, लेकराला एकटं कशाला बसवतोस? काय केलंय तिनं एवढं?” असं म्हणत माझी आई पाटाशेजारी जाऊन बसायची आणि तिला जवळ घ्यायची. मी आईला दोष देत नाही. रडणाऱ्या नातवंडाजवळ जाणं हा तिचा स्वभाव आहे आणि मुलीला तो मिळतोय याचा मला आनंदच आहे. पण टाइम-आउटचा सगळा डोलारा मुलाकडे कोणी लक्ष देत नाही यावर उभा असतो. चार मोठ्या माणसांच्या घरात चारही जणांनी एकाच वेळी लक्ष काढून घ्यायचं, हे फार अवघड आहे. आईवडील आणि मूल एवढंच कुटुंब असेल तिथे हे नक्कीच जास्त जमत असणार.

निस्तरायला लावण्यात ही अडचण आली नाही. सांडलं तर पुसायचं, फेकलं तर वेचायचं, पुस्तक फाडलं तर शेजारी बसून चिकटपट्टी लावायची. बसायचं कुठे हा प्रश्नच नाही, त्यामुळे त्यावरून भांडणही नाही. सगळं लक्ष सांडलेल्या वरणावरच राहतं. आजीला तर यात समजावण्यासारखं काही नव्हतं. जेवण झालं की आपलं ताट आपण उचलायचं, हे तिनंच मला शिकवलं होतं. ती फडकं पिळून नातीच्या हातात द्यायला लागली आणि घरातली चार माणसं पहिल्यांदा एका बाजूला आली.

हा विचार आपल्याकडे जुनाच आहे. इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींच्या बालगृहांत झाडणं, पुसणं, पाणी ओतणं ही मुलांची रोजची कामं होती, आणि बक्षीस व शिक्षा या दोन्हींवर त्यांचा विश्वास नव्हता. आपल्याकडे गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक या बालशिक्षणतज्ज्ञांनी तोच धागा उचलला. पुढं १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या आणि नंतर ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. मुलांच्या अंगणात जाऊन भरवलेल्या त्या अंगणवाड्यांत स्वच्छता हा शिकण्याचाच भाग होता. म्हणूनच फडकं हातात देताना आवाज कसा आहे याला फार महत्त्व आहे. “घे, आपण पुसू या” असं म्हटलं तर ते काम असतं. “आता पूस!” असं म्हटलं की त्याच फडक्याची शिक्षा होते, आणि मग मूल ते फडकंही फेकतं.

याला वेळ लागतो, ही मोठी उणी बाजू. तीन वर्षांचं मूल वरण पुसतं म्हणजे ते आधी सगळीकडे पसरवतं. शाळेची रिक्षा खाली उभी असेल तर हे शक्य नाही. अशा वेळी आम्ही फडकं जागेवर ठेवून जायचो आणि दुपारी ती आल्यावर तेच काम पूर्ण व्हायचं. दुसरी अडचण आम्हाला कोणी आधी सांगितली नव्हती: मुलांना पुसायला आवडतं, म्हणून ती पुसण्यासाठी पुन्हा सांडतात. आमच्याकडे काही दिवस पाण्याचे पेले याच कारणासाठी उपडे होत होते. पेला अर्धाच भरणं आणि संध्याकाळी बाथरूममध्ये बादली-मग घेऊन मनसोक्त खेळू देणं, यानं ते ओसरलं. तिसरं म्हणजे प्रत्येक गोष्टीला निस्तरण्याजोगं काही नसतं. गॅसजवळ जाणं, रस्त्यावर हात सोडून पळणं, इथे परिणाम घडू देण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे मुलाला उचलायचं आणि दूर न्यायचं, बाकीचं बोलणं नंतर. आणि दोन वर्षांच्या आतल्या मुलाकडून यातल्या कशाचीच अपेक्षा ठेवू नये असं मला वाटतं. त्या वयात पेला उचलून ओट्यावर ठेवणं हाच उपाय.

लग्नाच्या हॉलमध्ये, बसमध्ये, पाहुण्यांकडे मात्र टाइम-आउट पुढे जातो, हे मान्य करायला हवं. तिथे पुसायला काही नसतं आणि गर्दीनंच मूल बिथरलेलं असतं. आम्ही तिला बाहेर नेऊन एक चक्कर मारतो. एकटं बसवत नाही, बरोबर राहतो. मूळ पद्धतीत हे बसत नसेल, पण गोंगाटातून बाहेर काढणं एवढंच तिथे हवं असतं.

घरात दोनच मोठी माणसं असतील, मूल सांगितलं की बसणारं असेल आणि मुख्य त्रास मारण्या-चावण्याचा असेल, तर शांत कोपऱ्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. आजी-आजोबा असलेल्या घरात, सांडणं-फेकणं-फाडणं यांचाच त्रास जास्त असेल तर मी फडक्याच्या बाजूनं आहे. ते मुलाच्या हाताला लागेल अशा खालच्या खुंटीला अडकवा, छोटा झाडू आणि सुपली त्याच्या शेजारी ठेवा, आणि पहिल्यांदा सांडेल त्याच्या आधी आजीशी बोलून घ्या.