पणजोबांचा भाऊ शोधायचाय? आधी नाशिक, तहसील की बसरा

आमच्याकडे एकच वाक्य चालत आलेलं, "धाकटा बसऱ्याला गेला तो गेलाच." बसरा म्हणजे इराकमधलं बंदर, धाकटा म्हणजे पणजोबांचा भाऊ, लग्न नाही, फोटो नाही, सातबाऱ्यावर पण कुठे नाव नाही. असा कोणी तुमच्याही घरात असेल तर सुरुवात कुठून करायची ते सांगतो, मी उलट्या क्रमाने केली आणि दोन वर्षं घालवली.

त्याच्या वडिलांचं म्हणजे खापरपणजोबांचं नावच माहीत नसेल तर आधी नाशिक किंवा त्र्यंबकेश्वर. गाव आणि आडनाव सांगून आपले उपाध्ये कोण ते विचारत जायचं, सापडले की ते नामावळी काढतात, त्यात पूर्वी येऊन गेलेल्याने बाप, भाऊ, मुलं सगळी सांगून ठेवलेली असतात. अर्ध्या दिवसात तीन पिढ्या मिळाल्या, दक्षिणा यथाशक्ती. पण ही यादी आहे, आयुष्य नाही, माणूस कधी जन्मला कुठे मेला ते कळेलच असं नाही. आणि हरवलेली पणजोबांची बहीण असेल तर अवघडच, लेकी-बहिणींची नावं फार कमी.

तारीख हवी तर तहसील. कोतवाल बुक, म्हणजे गाव नमुना नंबर 14, जन्म-मृत्यूची नोंद. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी शिंदे समितीच्या कामात बरेच जुने कागद स्कॅन होऊन जिल्ह्यांच्या वेबसाइटवर आलेत, त्यामुळे अर्ज करण्याआधी तिथे बघा, चपला वाचतील. मला एका ऑफिसात तीन वेळा "रेकॉर्ड जीर्ण आहे" ऐकायला मिळालं. शिवाय मजकूर मोडीत, आणि आडनाव न लिहिता नुसतं नाव, बापाचं नाव, जात. म्हणून म्हणतो बापाचं नाव आधी हातात पाहिजे, नाहीतर एका गावात चार धोंडी सापडतात आणि आपला कुठला ते कळत नाही.

फौजेत गेलेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्या सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची साइट, फुकट आणि घरबसल्या. पहिल्या महायुद्धातल्यासाठी अट एकच, तो 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 मधे वारलेला असला पाहिजे, जिवंत परत आलेला तिथे नाही. स्पेलिंग साहेबाच्या कारकुनाने ऐकलं तसं, मराठाचं 'माहराट्टा', म्हणून नावाने न शोधता पलटणीने शोधा, 103, 110, 117 या मराठा पलटणी इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होत्या, 29 एप्रिल 1916 ला तिथली फौज शरण गेली. काही नोंदींत "अमक्याचा मुलगा, अमुक गाव" असतं. आमचा तिथेच जुळला, 110 मधला. बसऱ्याच्या स्मारकावर मात्र साध्या हिंदुस्थानी शिपायांचा नुसता आकडा कोरलेला, नावं रजिस्टरात.

डीएनए किट? जाहिरात भारी असते, पण निपुत्रिक माणसाचं आयुष्य थुंकीत सापडत नाही, फारतर जिवंत चुलत-चुलत भावंडं सापडतील, तीही त्यांनी टेस्ट केली असेल तर. मी ते पैसे मोडी वाचणाऱ्या काकांना दिले.